राजूरला आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची झाली तर

राजूर म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला जालन्याजवळचा गणपती आठवतो आणि नगरकडच्या माणसाला अकोले तालुक्यातलं राजूर. आज आपण बोलणार आहोत ते तिसऱ्या राजूरबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचं, कोळशाच्या कॉलरीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं राजूर. विषय असा की अभियांत्रिकी, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन या विषयांवरची आंतरराष्ट्रीय परिषद अशा गावात भरवता येईल का, आणि भरवायची तर नेमकं काय काय करावं लागतं.

प्रश्न ऐकून काही जण हसतील. आम्हीही हसलो होतो. आम्ही म्हणजे विदर्भातल्या वेगवेगळ्या कॉलेजांत अशा परिषदांच्या समित्यांवर राबलेले तिघे-चौघे. बॅनरवरच्या शुद्धलेखनापासून निबंध तपासण्यापर्यंत सगळी कामं केली, त्यात काही चुकाही केल्या. त्या चुकांबद्दल पुढे बोलूच.

आधी ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाकडे पाहू. आपल्याकडे समज असा की व्यासपीठावर दोन परदेशी पाहुणे बसले की परिषद आंतरराष्ट्रीय झाली. हल्ली तर पाहुणा येतही नाही, पडद्यावर वीस मिनिटं बोलतो आणि निरोप घेतो. खरं म्हणजे परिषद ही वस्तू मुळात फार साधी आहे. एका प्रश्नावर काम करणारी माणसं एकत्र येतात, केलेलं काम एकमेकांसमोर ठेवतात आणि दुसऱ्याने काढलेल्या चुका ऐकून घेतात. भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याला झालं, तेव्हा १०५ शास्त्रज्ञ आले आणि ३५ निबंध वाचले गेले. पस्तीसच! आज एखाद्या कॉलेजच्या परिषदेत एका दिवसात याच्या कितीतरी पट निबंध ‘वाचले’ जातात, प्रत्येकाला सात मिनिटं, आणि खोलीत श्रोते म्हणजे पुढचे वाचणारे. तीच विज्ञान काँग्रेस १९२० मध्ये नागपूरला आली, आचार्य प्रफुल्लचंद्र राय अध्यक्ष होते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये १०८ वं अधिवेशनही नागपूर विद्यापीठात झालं. म्हणजे विदर्भाला ही गोष्ट नवी नाही.

अभियांत्रिकीपुरतं बोलायचं तर नागपूरचंच उदाहरण घेऊ. जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयाने जुलै २००८ मध्ये अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानातल्या नव्या प्रवाहांवर आंतरराष्ट्रीय परिषद सुरू केली. तिला आयसीईटीईटी या नावाने ओळखतात. निबंधांचा संग्रह आयईईई कॉम्प्युटर सोसायटीमार्फत निघाला. २००९ ला ती पुन्हा नागपुरात भरली, २०१० ला गोव्यात, २०११ ला मॉरिशसमध्ये पोर्ट लुईला (तिथे मराठी माणूस आहेच म्हणा), २०१२ ला जपानमध्ये हिमेजीला, आणि २०१३ ला परत नागपुरात. एका कॉलेजने सुरू केलेली परिषद समुद्रापार जाऊन आली. हे जमलं त्याचं एक मोठं कारण आम्हाला असं दिसतं की निबंध कुठे आणि कसे प्रसिद्ध होणार, याची बांधणी पहिल्या वर्षापासून होती. हॉल, जेवण आणि पाहुणे यांचा विचार त्यानंतर करायचा असतो.

मग गावोगावी परिषदांचं पीक का आलं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण ठरले. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की १० गुण, राष्ट्रीय परिषदेत साडेसात. २०१८ च्या नियमावलीत हे गुण कमी झाले, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ राहिले. पण सवय लागायची ती लागली. ‘राष्ट्रीय’ खोडून ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलं की २०१० च्या नियमांत अडीच गुण जास्त मिळायचे, मग कोण कशाला राष्ट्रीय ठेवील? परिषदेचं नावही असं रुंद ठेवायचं की त्यात काहीही बसावं. अभियांत्रिकी, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन! एका खोलीत बिनतारी सेन्सरवरचा निबंध, त्याला लागून बँक कर्मचाऱ्यांच्या समाधानावरचा. पहिल्याला दुसऱ्याचं कळत नाही, दुसऱ्याला पहिल्याचं कळत नाही, आणि प्रमाणपत्र दोघांनाही मिळतं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. २००५ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक संगणक प्रोग्राम लिहिला, सायजेन नावाचा. बटण दाबलं की आलेख, संदर्भ यांसकट अर्थहीन शोधनिबंध तयार. असा एक निबंध त्यांनी फ्लोरिडातल्या एका परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारला गेला. त्यांची ती थट्टा होती. पुढे फ्रेंच संशोधक सिरिल लाबे यांनी शोध घेतला, तर असे १२० हून जास्त बनावट निबंध परिषदांच्या संग्रहांत सापडले, आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या नावाजलेल्या प्रकाशकांना ते मागे घ्यावे लागले. म्हणजे नुसतं मोठं नाव पाठीशी असून भागत नाही. निबंध कोणीतरी बसून, पेन घेऊन वाचावा लागतो.

आता आमची चूक सांगतो. एका परिषदेत, कॉलेजचं नाव घेत नाही, शेवटच्या तारखेला अपेक्षेच्या निम्मे निबंध आले. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली, पाहुण्यांची तिकिटं काढलेली. वरून सांगणं आलं, “आलेले सगळे घ्या.” आम्ही घेतले. तारीख पंधरा दिवस वाढवली, मग आलेलेही घेतले. परिषद छान झाली, फोटो छापून आले. दोन वर्षांनी एका मुलीचा फोन आला. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिने आमच्याकडे निबंध वाचला होता. नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं, तुझा निबंध दाखव. तिने लिंक उघडली, तर उघडेच ना. परिषदेच्या संकेतस्थळाचं नूतनीकरण कोणी केलंच नव्हतं, आणि संग्रहाची सीडी त्या खोलीतल्या कोणत्याच संगणकात चालेना. “सर, माझ्या बाबांनी कापूस विकून फी भरली होती,” एवढंच ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून आम्ही परिषदेच्या नावातला एखादा शब्द चुकला तर फारसं मनावर घेत नाही. निबंध दहा वर्षांनी कुठे सापडेल, हे मात्र पहिल्या बैठकीत विचारतो.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘आमच्या संग्रहाला आयएसबीएन आहे’ असं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहितात. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाने असलेली सरकारी संस्था देते, आणि तोही फुकट. तो पाककृतीच्या पुस्तकालाही मिळतो, पंचांगालाही मिळू शकतो. गाडीला नंबर प्लेट असली म्हणजे गाडी चांगली चालते असं होत नाही, तसंच हे. आयएसएसएनचंही तेच, तो नियतकालिकाचा क्रमांक. फी भरण्याआधी विद्यार्थ्यांनी एवढंच विचारावं: निबंध कोण तपासणार, किती जण तपासणार, आणि गेल्या वर्षी किती निबंध नाकारले? तिसऱ्या प्रश्नावर आयोजक गप्प झाला तर पैसे खिशात ठेवा.

तपासणीचा हिशेब आपण राजूरसाठीच करून पाहू. समजा ऐंशी निबंध आले. प्रत्येक निबंध तिघांनी वाचायचा, लेखकाचं नाव झाकून. झाल्या २४० तपासण्या. एक माणूस महिन्याभरात नीट वाचून सहा निबंधांवर अभिप्राय देऊ शकतो, त्याहून जास्त दिले की तो ‘ठीक आहे, घ्या’ असं लिहायला लागतो. म्हणजे किमान ४० परीक्षक लागतील, आणि त्यातले बरेचसे बाहेरच्या विद्यापीठांतले, बाहेरच्या देशांतले हवेत. आमच्या मते परिषद आंतरराष्ट्रीय होते ती या जागी. ब्राझीलच्या परीक्षकाने वणीच्या प्राध्यापकाचा निबंध नाव न पाहता परत पाठवला आणि वणीच्या प्राध्यापकाने तो सुधारून पुन्हा दिला, तर व्यासपीठावर एकही परदेशी पाहुणा नसला तरी चालेल.

पण ब्राझीलचा माणूस राजूरच्या परिषदेसाठी आपला वेळ का देईल? तर राजूरला जो प्रश्न आहे तो त्याच्याकडेही असेल तरच.

राजूरची भट्टी पाहा. चुनखडीचे तुकडे आणि कोळसा वरून थराथराने टाकायचा, मध्ये आग, आणि खालून कळीचा चुना काढायचा. साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास चुनखडी फुटते. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू दगडातलाच आहे. कोळशाच्या धुराचा हिशेब यापेक्षा वेगळा. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली, तरी हे ४४ किलो निघणारच. जर्मनीतला चुना कारखाना असो, जपानमधला असो, की सिमेंटची भट्टी असो, सगळ्यांपुढे हाच पेच आहे: दगडातून सुटलेला वायू धरायचा कसा आणि ठेवायचा कुठे. पोलाद बनवायला चुना लागतो, साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला लागतो, पिण्याचं पाणी शुद्ध करायला लागतो, पानाला तर लागतोच. म्हणजे ‘चुना बंद करा’ म्हणून सुटका नाही.

आता यात अभियांत्रिकी कुठे आहे? आग कमी पडली तर दगडाच्या पोटात कच्चा गाभा राहतो. जास्त झाली तर चुना करपतो आणि पाणी घातलं तरी लवकर विरत नाही. भट्टीवरचा जाणता माणूस आगीचा रंग पाहून हे ओळखतो. त्याच्या डोळ्याला जे कळतं ते उपकरणाने मोजायचं कसं, हा विषय अभियांत्रिकीचा. धूळ आणि वायू धरणं तंत्रज्ञानाचं काम. आणि लहान भट्टीवाल्याला हे यंत्र परवडावं कसं, दहा भट्ट्यांनी मिळून एक घ्यावं का, कोळशाची प्रत रोज बदलते तर भाव कसा धरायचा, मजुराच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजी कोणाच्या हिशेबात धरायची, हे सगळं व्यवस्थापन. तिन्ही शब्द एकाच भट्टीत आले की नाही? शिवाय आजूबाजूला वेकोलिच्या खाणी आहेत, उकणी, निळजई, कोलारपिंपरी. खाणीतून उपसलेलं पाणी, कोळसा काढल्यावर उरलेली जमीन, काळ्या मातीवर खचणारे जड वाहनांचे रस्ते, यावर काम करणारी माणसं पोलंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतील. नाव रुंद ठेवायला आमची ना नाही, पण प्रश्न अरुंद हवा.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. राजूरला मोठं सभागृह शोधू नका. पहिला दिवस वणीत, दुसरा दिवस राजूरला भट्टीवर आणि खाण परिसरात, असं करा. खाणीची आणि भट्टीमालकांची लेखी परवानगी आधी घ्या. परिषद डिसेंबर-जानेवारीत ठेवा, कारण मे महिन्यात वणीच्या उन्हात पाहुणा आजारी पडेल, आणि कळीचा चुना घामाशी, ओल्या डोळ्याशी वाईट वागतो. डिसेंबरची परिषद म्हणजे निबंधांचं आवाहन फेब्रुवारीत, शेवटची तारीख मे अखेर, तपासणी जून-जुलै, निकाल ऑगस्टमध्ये. निकाल ऑगस्टमध्येच का? कारण परदेशी पाहुण्याला पर्यटक व्हिसावर बोलवायचं नसतं. परिषदेसाठी वेगळा कॉन्फरन्स व्हिसा असतो. त्याला गृह मंत्रालयाची कार्यक्रमासाठी मंजुरी आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते, आणि ही कागदपत्रं आपल्या घाईने हलत नाहीत. पाहुणा लॉजवर उतरला की लॉजवाल्याने २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते, ज्याला लोक सी फॉर्म म्हणतात. वणीच्या लॉजवाल्याला हे आधीच बसून समजावून सांगा, नाहीतर रात्री अकराला तुम्हालाच फोन येईल.

“नागपूरच्या विमानतळावरून इतक्या आत कोण येईल?” हा प्रश्न हमखास येतो. त्याच वाटेवर वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथे जगभरातून माणसं वर्षानुवर्षं येतात. पाहण्यासारखं आणि शिकण्यासारखं काही असलं की माणूस येतो.

राहिला उद्घाटनाचा प्रश्न. २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याचा वाद सगळ्यांना आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या संमेलनातलं बाकी किती लोकांच्या लक्षात आहे माहीत नाही, त्यांचं भाषण आहे. राजूरच्या परिषदेत पहिलं अर्धा तासाचं बोलणं भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला द्या. मराठीत बोलू द्या, शेजारी दुभाषा बसवा. त्यानंतर तज्ज्ञांनी बोलावं. आम्ही हे एका बैठकीत सुचवलं तेव्हा एकाने विचारलं, “त्यांना प्रमाणपत्र कोणतं द्यायचं?” आम्ही म्हटलं, मानधन द्या.

इथे थांबतो. समोरच्या बाजूने दोन हात वर दिसतायत. आधी तुम्ही बोला ताई, मग मागचे काका.