पडद्यापूर्वीची मालिका

‘छोटा भीम’ ही ॲनिमेशन मालिका दूरचित्रवाणीवर २००८ साली अवतरली. अशी मालिका प्रथम कागदावर घडते. पात्रांचे स्वभाव, परस्परसंबंध, गावाची रचना आणि काही भागांची कथासूत्रे एका टिपणात मांडतात. व्यवसायात त्यास ‘बायबल’ म्हणतात. धर्मग्रंथाशी त्याचा संबंध नाही! ते पाहून वाहिनी पैसा गुंतवायचा की नाही, हे ठरवते. या टप्प्याचे नाव ‘डेव्हलपमेंट’.

येथे येऊ इच्छिणारे अनेक जण केवळ संगणकीय तंत्र शिकण्यावर शुल्क खर्च करतात. तंत्र हवेच; पण कसोटी लागते ती पात्र घडवताना. ढोलकपूरच्या भीमाला लाडू खाताच बळ चढते, एवढ्यावरून मूल त्याला ओळखते. म्हणून नवोदिताने स्वतः कल्पिलेल्या चार पात्रांचे टिपण आणि एका प्रसंगाचा स्टोरीबोर्ड तयार ठेवावा. काम मागताना प्रमाणपत्राआधी तोच पाहिला जातो.