उन्हाची धरपकड

वैशाखातले ऊन नाशिककरांस समजावून सांगावयास नको. प्रश्न आहे तो त्यातले किती आपल्या हाती लागते हा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ साली उभा राहिला. सौरपटलांत बहुधा सिलिकनच्या पातळ चकत्या असतात. प्रकाश शोषला गेला की तिच्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वीज वाहू लागते.

परंतु उघडे, गुळगुळीत सिलिकन सुमारे एकतृतीयांश प्रकाश परतवून लावते. यावर उपाय दोन. चकती ऊन क्षारद्रावणात ठेवली की तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे मनोरे उठतात. एका मनोऱ्यावरून उसळलेला किरण शेजारच्यावर आदळतो. त्यास आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. दुसरा उपाय सिलिकन नायट्राइडच्या सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीच्या लेपाचा. लेपाच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींस मारक ठरतात. पटलांची निळी झाक त्याचीच.

आत शिरलेला प्रकाश तरी सगळा कामी येतो काय? निळे किरण मायक्रॉनभर अंतरातच बहुतेक संपतात. १,००० नॅनोमीटरचे अवरक्त किरण मात्र चकतीची सारी जाडी ओलांडून निसटू पाहतात. म्हणून त्यांना तिरपे वळवून, पाठीमागून परत फेकून, आतच खेळवत ठेवावे लागते.

हे साधले की तेवढ्याच जागेत वीज अधिक मिळते, चकतीही पातळ करता येते. रात्रीच्या पाळीला विंचूकाट्यातून मोटर चालू करावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास दिवसा वीज हवी आहे. राज्याने २०१७ साली त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आणली. त्या सूक्ष्म मनोऱ्यांचे मोल अखेर बांधावरच कळावयाचे.