मागच्या बाकावरचा प्रश्न
कारभार कळावा म्हणून : भाग सहावा

गेल्या भागात अधिवेशन कसं बोलावलं जातं ते पाहिलं. आज प्रश्नोत्तराच्या तासाकडे वळू.

निवडणूक होऊन वर्ष-दीड वर्ष लोटलं, की वलगावच्या चहाच्या टपरीवर एक सवाल हमखास निघतो, “आपला खासदार तिकडं काई बोलते का नाई?” सवाल रास्त आहे. पण बोलायला वेळ मिळतो कसा, हे आधी पाहायला हवं. मोठ्या चर्चेत वेळेची वाटणी पक्षाच्या संख्याबळावर होते. पुढच्या बाकावरचे नेते बोलून झाले, की मागच्यांच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं उरतात, तीही बहुधा सभागृह रिकामं होताना.

प्रश्नाचं तसं नाही. मंत्री नसलेल्या कुठल्याही सदस्याला प्रश्न विचारायचा सारखाच हक्क आहे आणि कोणाचा प्रश्न वर येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पहिल्यांदा निवडून आलेला आणि पक्षाचा नेता, दोघं तिथे एका रांगेत. माझ्या मते मागच्या बाकावरच्या माणसाच्या हाती याहून धारदार हत्यार नाही.

हा हक्क आपसूक आलेला नाही. कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्याने, आणि तीही कशी, तर उत्तर आलं की गप्प बसायचं. मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची सोय झाली १९०९ मध्ये. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९१८ मध्ये सर्वोच्च कायदेमंडळात जाऊन बसले, ते या सुधारणांनंतरच्या सभागृहात.

आज लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. त्यात युक्तिवाद, टोमणे, आरोप चालत नाहीत. तासाभरात वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात.

आता वलगावचंच घेऊ. नवी अमरावती–नरखेड रेल्वेमार्गावर आपलं स्थानक आहे. समजा प्रश्न असा गेला : ‘वलगाव स्थानकावर सुविधा वाढवण्यासाठी सरकार काय करत आहे?’ उत्तर आजच सांगता येतं : सुविधा पुरवणं ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे. विषय संपला. आता दुसरा प्रश्न पाहा : ‘गेल्या तीन वर्षांत वलगावहून दर वर्षी किती तिकिटं विकली गेली? गाडीला थांबा देण्याचे निकष कोणते? त्यांत वलगाव कुठे कमी पडतं?’ इथे आकडे द्यावेच लागतात. उत्तर नकारार्थी आलं तरी गावाच्या हाती कागद येतो, आणि पुढचा प्रश्न त्या कागदावरून करता येतो.

पेढी नदीच्या पुराचं मात्र वेगळं. पाणी हा राज्याचा विषय, म्हणून तसा प्रश्न दिल्लीत बहुधा फेटाळला जाईल. तो नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदाराने तारांकित म्हणून किंवा लक्षवेधीतून मांडायचा. पण खारपाण पट्ट्यातल्या खाऱ्या पाण्याची मोजणी केंद्रीय भूजल मंडळाने कुठे आणि कधी केली, हे खासदार खुशाल विचारू शकतो. प्रश्न कोणत्या दाराने न्यायचा, हे कळणं ही अर्धी लढाई आहे.

एक प्रश्न किती दूर जातो याचा दाखला १९५७ चा. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याबद्दल सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, तो सत्ताधारी बाकांवरूनच. उत्तर गुळमुळीत मिळालं. विषय सुटला नाही. डिसेंबरात फिरोज गांधींनी, तेही काँग्रेसचेच, कागदपत्रं हाताशी घेऊन भाषण केलं. छगला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं.

वर्षअखेरीला वर्तमानपत्रांत खासदारांच्या प्रश्नांची संख्या छापून येते. त्यावरून माणूस जोखू नये, असं मला कळकळीने वाटतं. शंभर सुटे प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा एकाच विषयावर चार अधिवेशनं पाठपुरावा करणारा मोठा. आपली शकुंतलाच पाहा. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळची ती अरुंद गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. रुंदीकरणाची मागणी वऱ्हाडाने वर्षानुवर्षं लावून धरली, आनंदराव अडसुळांसारख्या खासदारांनीही ती पुढे नेली. घोषणाही झाली. रूळ अजून अरुंदच आहेत.

अशा वेळी उपयोगी पडते ती शासकीय आश्वासन समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं म्हणाला, की तेही आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. मुदत टळली तर वाढवून मागावी लागते, आणि समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारू शकते. म्हणून उत्तर वाचताना आकड्यांइतकंच शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. ही उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात.

पुढच्या आठवड्यात : शून्य प्रहर आणि नियम ३७७.