उधन्याचे दप्तर

शिवाजी महाराजांच्या रूपाचे एक समकालीन वर्णन एका खासगी पत्रात सापडते. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या वखारीत जॉन एस्कॅलिअट नावाचा पाद्री होता. लूट आटोपून काही दिवस होतात न होतात तोच त्याने इंग्लंडमधल्या सर थॉमस ब्राउन या वैद्य-लेखकाला सविस्तर पत्र लिहिले. महाराजांना ज्यांनी पाहिले होते त्यांच्याकडून ऐकलेली मध्यम उंची, बांधेसूद अंग आणि भेदक नजर त्याने त्यात टिपून ठेवली. हे पत्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वखारीच्या रोजनिशा आणि पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनमध्ये विभागलेला आहे, डचांचा हेगमध्ये. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये इंग्रजी साधनांचे जे खंड काढले, त्यांचा मोठा आधार हेच कागद. आपल्याकडची सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांनी लिहिली गेली. त्या चार-पाच दिवसांत सुरतेच्या विणकराचे, हमालाचे, भिस्त्याचे काय झाले हे सांगणारा त्याच्या स्वतःच्या हातचा कागद मात्र कुठल्याच रुमालात नाही. वखारवाल्यांनी दप्तर ठेवले म्हणून त्यांची बाजू टिकली. ती खोटी आहे असे नाही, पण एकतर्फी आहे. साडेतीनशे वर्षांनंतर सुरतेत तोच प्रकार पुन्हा घडू द्यायचा का, हा या लेखाचा विषय आहे. उधना-मगदल्ला रस्त्यावरच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाने उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या खान्देशी कुटुंबांचे घरगुती कागद रीतसर गोळा करावेत आणि या कामाला उशीर करू नये, असे माझे म्हणणे आहे.

खासगी कागद इतिहासाला काय देतो, याचा उत्तम दाखला सुरतेतच आहे आणि त्यात एक मराठी माणूस मध्यभागी आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. २२ जून १८४४ रोजी त्यांनी दुर्गाराम मेहताजींसोबत तिथे मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी पाच 'द' ची मंडळी. सुरतकरांनी त्यांच्या नावाची गंमत केली नसती तरच नवल. जातिभेद, भूतपिशाच, मंत्रतंत्र यांवर तिथे उघड चर्चा होत. एका सभेची ही कथा आपल्याला दोन भाषांतून कळते. दुर्गाराम बैठकींची टिपणे ठेवत. महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये लिहिलेले त्यांचे गुजराती चरित्र त्या टिपणांवर उभे आहे. दादोबांनी मराठीत आत्मचरित्र लिहायला घेतले, ते १८४० च्या दशकापाशीच थांबले आणि अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये ते प्रसिद्ध केले. म्हणजे लिहिल्यापासून छापेपर्यंत अनेक दशके ते केवळ कोणीतरी फेकून न दिल्यामुळे टिकले. ज्याच्या नावाने आज हे विद्यापीठ आहे त्या कवी नर्मदाचीही तीच गोष्ट. 'मारी हकीकत' हे आत्मकथन त्याने १८६६ मध्ये लिहिले, पण ते लोकांसमोर आले १९३३ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला. या तिन्ही माणसांना लिहिता येत होते, त्यांचे मित्र छापखान्यांशी जोडलेले होते आणि मागे कोणी ना कोणी अभ्यासक उभा राहिला. लिंबायतच्या चाळीत राहणाऱ्या माणसाजवळ यांतले फक्त पहिले आहे, आणि तेही प्रत्येकाजवळ नाही.

मराठी माणसाला कागद गोळा करण्याचे वेड नवे नाही. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो गावोगावच्या माळ्यांवरची घरगुती दप्तरे धुंडाळून. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. उधन्याची निम्मी वस्ती ज्या जिल्ह्यांतून आली असे लोक सहज बोलतात, त्या खान्देशातच कागद जपण्याची इतकी जुनी परंपरा आहे. पण या परंपरेची निवड कुणाची होती हेही पाहायला हवे. देशमुख, कुलकर्णी, सरदार, मठपती, शास्त्री यांची दप्तरे राखली गेली, कारण वतनाचा दावा कागदावर चालत असे. ज्याला वतन नव्हते त्याला कागद ठेवण्याचे कारण नव्हते. राजवाड्यांचा दोष काढण्यासाठी हे म्हणत नाही. त्यांनी जे सापडले ते वाचवले.

आता उधन्याकडे या. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत पोहोचली आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही नावे एका तिकिटावर आली. मुंबईच्या मुख्य मार्गाला हा फाटा उधन्यात मिळतो, म्हणून खान्देशातून येणाऱ्याचे पहिले पाऊल इथेच पडते. लूम, डाइंग मिल, कापड मार्केटातली हमाली, साड्यांवरचे काम, पुढे टेम्पो किंवा स्वतःचे दुकान असा दोन-तीन पिढ्यांचा प्रवास इथल्या घराघरांत आहे. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा चालतात, श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, गणेश मंडळांच्या पावत्या मराठीत फाडल्या जातात. या जगण्याचे कागद आहेत, आणि भरपूर आहेत. आंतर्देशीय पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, भिशीच्या वह्या, मंडळाचे जमाखर्च, अहिराणीत उतरवलेली कानबाईची गाणी, लग्नाच्या पत्रिका, ज्यांत गाव आणि सध्याचा पत्ता शेजारी शेजारी असतात, शाळा सोडल्याचे दाखले, ज्यांवर गावच्या शाळेचा शिक्का आणि सुरतेतल्या प्रवेशाची तारीख जवळजवळ येतात. मनीऑर्डरच्या कुपनावर संदेशासाठी असलेल्या चिंचोळ्या जागेत पगार, पाऊस, बैल, आईचे दुखणे आणि सावकाराचा हप्ता मावत असे. कापूस पडला त्या साली किती घरांतून कोणता मुलगा सुरतेला निघाला, हे जनगणनेच्या तक्त्यांतून दिसत नाही. या कुपनांच्या गठ्ठ्यातून दिसू शकते. शिवाय हे साठे आता वाढणार नाहीत. तार २०१३ मध्ये बंद झाली, जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये. पत्र लिहिणारी पिढी सत्तरीपलीकडे गेली. जे आहे तेवढेच आहे, आणि ते दर वर्षी कमी होते.

यावर पहिला आक्षेप असा की हे काही हस्तलिखित नव्हे. सरकारी व्याख्येनुसार तो बरोबरच आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखित म्हणजे किमान पंच्याहत्तर वर्षे जुनी, मोलाची हाताने लिहिलेली रचना असे ठरवले आणि महसुली कागद वगैरे त्यातून वगळले. या मापाने १९७२ च्या दुष्काळात उधन्याला आलेल्या मजुराचे पत्र २०४७ पर्यंत थांबेल. तोवर ते वाळवीने खाल्लेले असेल. कागद जुना झाल्यावर मोलाचा होतो ही समजूत संग्राहकाची आहे. इतिहासकाराला तो वेळेवर लागतो. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांनी १९१८ ते १९२० मध्ये अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर पाच खंड लिहिले, त्यांचा एक मोठा आधार या लोकांची घरची पत्रे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांनी ती पत्रे पैसे मोजून घेतली होती, आणि ती पत्रे तेव्हा जुनी नव्हती. मिनेसोटा विद्यापीठाने स्थलांतरितांच्या कागदांसाठी खास केंद्र काढले १९६५ मध्ये. सुरतेचे विद्यापीठही त्याच वर्षीचे. आणि खान्देशी माणसाला तर इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी उतरून घेतलेली त्यांच्या गाण्यांची वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले, बहिणाबाई गेल्यानंतर. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ती वही घरातल्या इतर कागदांबरोबर रद्दीत गेली असती, तर कोणत्या व्याख्येने आपण तिला वाचवले असते?

दुसरा आक्षेप थोडा तिखट आहे: मराठी कागद पुण्याला किंवा जळगावला द्यावेत, गुजरातच्या विद्यापीठाने त्यांचा भार का उचलावा? माझ्या मते हे कागद सुरतेचे आहेत. ज्या लूमवर पगार मिळाला, ज्या चाळीत वही लिहिली गेली, तिथल्या वीज, भाडे, पूर, संप यांच्या नोंदींशेजारी ठेवले तरच त्यांचा अर्थ लागतो. बडोद्याने हे फार पूर्वी मान्य केले आहे. सयाजीरावांनी १९२७ मध्ये काढलेली प्राच्यविद्या संस्था १९४९ मध्ये विद्यापीठात आली आणि पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखिते भाषेचा विचार न करता तिथे राहिली. गायकवाडी दप्तरातले मोडी कागदही गुजरातेतच आहेत. कुणी ते पुण्याला मागितले असते तर बडोद्याचा इतिहास लिहिणे अशक्य झाले असते. उलट व्यवहाराची बाजू अशी की विद्यापीठाला मराठी व अहिराणी वाचणारा एक तरी माणूस नेमावा लागेल. त्याशिवाय सगळे गठ्ठे 'इतर भाषा' या कपाटात जातील, आणि तिथे एकदा गेलेला कागद बहुधा परत दिसत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. दादोबांच्याच मंडळींनी मुंबईत चालवलेल्या परमहंस सभेचे गुप्त कागद १८६० च्या सुमारास चोरीला गेले, सभासदांची नावे बाहेर येण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. घरच्या पत्रांत कर्ज असते, दारू असते, मोडलेले लग्न असते, जातीची कुचेष्टा असते. हे सगळे आज वाचनालयात उघडे ठेवणे अन्याय ठरेल. म्हणून देणाऱ्याने अट घालावी: अमुक वर्षांपर्यंत बंद, अमुक नावे झाकून, किंवा केवळ अभ्यासासाठी. जगभरातल्या विद्यापीठांत हेच चालते. अट घालून दिलेला कागदही माळ्यावरच्या कागदापेक्षा बरा. आणि माळा सुरक्षित आहे हेही खरे नाही. १८३७ च्या आगीत सुरतेची नऊ हजारांवर घरे गेली; ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. संस्थाही अभेद्य नाहीत. जानेवारी २००४ मध्ये जमावाने भांडारकर संस्थेत जी नासधूस केली ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यावर उपाय दोन ठिकाणी प्रती ठेवण्याचा आहे: मूळ कागद उधन्यात, स्कॅन केलेली प्रत जळगाव किंवा धुळ्याला. नुसते मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद फेकून देणे म्हणजे जपणूक नव्हे. फोन बदलला की तो संग्रहही गेला.

विद्यापीठाला माझी विनंती आहे की मोठी इमारत होईपर्यंत थांबू नये. एक कोरडी खोली, एक नोंदवही, देणाऱ्याशी करण्याचा एक पानी करार आणि मराठी येणारा एक कर्मचारी एवढ्यावर सुरुवात होते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे गठ्ठे आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे: पत्रे लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, पिना आणि रबरबँड काढून टाका, स्वच्छ सुती कापडात बांधा. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने पत्र कुणी, कुणाला, कोणत्या गावाहून लिहिले ते टिपून ठेवा, आणि घरातले म्हातारे माणूस आहे तोवर ही माहिती त्याला विचारून घ्या.