बडीशेपेच्या बशीत किती ठेवायचे?

गेल्या महिन्यात नातीचा चौथा वाढदिवस झाला. घरी औक्षण, केक वगैरे आटोपल्यावर "आज संध्याकाळी कुणीही गॅस पेटवायचा नाही" असा सूनबाईंनी हुकूम काढला आणि आम्ही सहकुटुंब बाहेर जेवायला गेलो. डॅलसहून मुलगीही आलेली होती. हॉटेल बऱ्यापैकी होते. वाढणारा पोरगा विशी-बाविशीचा, हसतमुख. नातीने पाण्याचा पेला सांडला तेव्हा कपाळाला आठी न घालता त्याने टेबल पुसले, तिच्यासाठी कमी तिखटाची भाजी आठवणीने वेगळी आणली, आणि आमच्या सौभाग्यवतींनी तीनदा मागितलेले गरम पाणी तीनदा आणून दिले.

बिल आले. जेवणाचे २,४०० रुपये, वर जीएसटीचे १२०, एकूण २,५२०. चिरंजीवांनी टेबलावरच्या त्या काळ्यापांढऱ्या चौकोनापुढे फोन धरला, 'टुण्' असा आवाज झाला आणि हिशेब पुरा झाला. पोरग्याने सवयीप्रमाणे बडीशेपेची बशी आणून ठेवली आणि तो दोन पावले मागे सरून उभा राहिला.

इथून आमच्या घरची लोकसभा सुरू झाली. "बाबा, टॅक्समध्ये सगळं आलं, आता वेगळं काही द्यायचं नसतं," हे चिरंजीवांचे मत. "निदान दहा टक्के तरी द्यायला हवेत," सूनबाई हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे अठराच्या खाली दिलं तर वेटर तोंडाकडे बघत राहतो," ही कन्येची भर. "अहो, वीस रुपये ठेवा नि चला, एवढा काय विचार करताय?" इति सौभाग्यवती. मी खिसा चाचपला. पाचशेची एक नोट होती, बाकी काही नाही. इतरांच्या खिशात तर नुसते फोन. शेवटी "पुढच्या वेळी देऊ" असे ठरवून आम्ही उठलो. दारातून मी सहज वळून पाहिले. पोरग्याने बशी उचलली, तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी झोप कसली उडायची? त्याचे कारण चाळीस-बेचाळीस वर्षे मागे आहे. माझे मामा गिरगावातल्या एका उपाहारगृहात वेटर होते. आमच्याकडे तसे कुणी म्हणत नसे. "हॉटेल लायनीत आहेत" असे म्हणायची पद्धत होती. राहणे आणि दोन वेळचे जेवण हॉटेलातच. पगार झाला की तो मनिऑर्डरीने गावी, रत्नागिरीकडे जाई. मामांचे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न एकच, टिपेचे. सुटीच्या दिवशी ते आमच्या परळच्या खोलीवर येत तेव्हा सदऱ्याचा खिसा नाण्यांनी लोंबलेला असे. वर्तमानपत्र पसरून त्यावर ते चार आणे, आठ आणे आणि रुपया अशा वेगवेगळ्या चळती लावत आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात भरत. तो डबा आमच्या फळीवर असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत होते. त्या वर्षाच्या अखेरीस माझा दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा घरात फीचे पैसे नव्हते. मामांनी काही न बोलता डबा खाली काढला. मी ती फी चार-आठ आण्यांच्या पुरचुंड्या बांधून शाळेत भरली. कारकून मोजता मोजता वैतागला. "देवळातली पेटी फोडलीस की काय?" म्हणाला. पुढे मी बँकेत लागलो, सारा जन्म इतरांच्या नोटा मोजल्या. पण ती पुरचुंडी विसरलो नाही. अनोळखी माणसांनी बशीत ठेवलेल्या नाण्यांवर माझे मॅट्रिक झाले आहे.

बँकेचा पहिला पगार झाला तेव्हा मामांना मी एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेले. उत्साहाच्या भरात वेटरला "शुक् शुक्" केले. मामा म्हणाले, "मांजर आहे का तो? 'भाऊ' म्हण." जेवून झाल्यावर त्यांनी आमच्या ताटल्या एकावर एक रचून ठेवल्या. चाळीस रुपये बिल झाले होते. मी ऐटीत दहाची नोट बशीत टाकली आणि मामांकडे पाहिले. ते हसले आणि म्हणाले, "ही त्याला दिलीस का मला दाखवलीस?" टिपेविषयी मला जे काही शिकायला मिळाले ते त्या एका वाक्यात आले.

आपल्याकडे या व्यवहाराला स्वतःचा असा शब्द नाही. 'बक्षिसी'त देणारा वर आणि घेणारा खाली असतो. 'चहापाणी' म्हटले की सरकारी कचेरी आठवते. चहापाणी काम होण्याआधी द्यावे लागते, टिप काम झाल्यावर दिली जाते, आणि न दिल्याने जेवण अडत नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. जुन्या इराण्याकडे तर बशी आणि बिल हा प्रकारच फारसा नव्हता. आपण उठलो की वेटर तिथूनच गल्ल्याकडे "दो चाय, एक ब्रून मस्का" अशी आरोळी ठोकी आणि आपण मालकापुढे पैसे ठेवत असू. द्यायचेच असेल तर नाणे बशीखाली सरकवून ठेवायचे. उडुप्याकडे बिल बडीशेपेबरोबर येई आणि मोडही तीतच येई. चाणाक्ष वेटर ती मोड सगळी सुटी आणी, म्हणजे गिऱ्हाइकाला "माझ्याकडे सुटे नाहीत" म्हणायला जागा उरत नसे!

ती मोडच आता नाहीशी झाली. ३० जून २०११ नंतर चार आण्यांचे नाणे चलनातून गेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने लोकांना फोनवरून पैसे देण्याची सवय लागली, आणि त्याच वर्षी आलेल्या यूपीआयने ती पुढे पक्की केली. सोय झाली यात शंका नाही. पण बिल नेमके २,५२० रुपये झाले की फोनवरून नेमके २,५२० रुपयेच जातात आणि ते थेट मालकाच्या खात्यात जमा होतात. मोड परत येत नाही, म्हणून बशीत काही उरत नाही. टिप देऊ नये असे आपण कुणी ठरवलेले नाही. ती नकळत गळून पडली. आमच्यासारख्या सुखवस्तू घरात त्या दिवशी पाच जणांत मिळून दहा-वीसच्या नोटा निघाल्या नाहीत, हा त्याचा पुरावा.

आता कन्येच्या अठरा टक्क्यांविषयी. मला आधी ती अमेरिकन चैन वाटली होती. तिने समजावले ते असे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे किमान वेतन ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट, आणि तेही १९९१ पासून तसेच आहे. उरलेले टिपेतून भरून निघावे ही अपेक्षा; नाहीच निघाले तर फरक मालकाने द्यायचा. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये पूर्ण वेतन द्यायला लावतात, टेक्सासमध्ये मात्र केंद्राचाच आकडा चालतो. म्हणजे तिथली टिप ही खुशी नसून पगाराचाच एक हप्ता आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९१७ सालच्या 'द इमिग्रंट'मध्ये कफल्लक चार्ली शेजारच्या चित्रकाराने ठेवलेली टिप बेमालूमपणे आपल्या बिलापोटी देऊन टाकतो. तिथले मालक दुसरे काय करतात? उलट जपानात टिपेची पद्धतच नाही. फ्रान्समध्ये दरपत्रकातल्या किमतीतच सेवेचा आकार धरलेला असतो. वर काही ठेवले तर ती खरी खुशी. तेव्हा अमेरिकेचे टक्के जसेच्या तसे इथे आणण्यात अर्थ नाही. पण त्या टक्क्यांमागचा प्रश्न आपलाही आहे. वाढणाऱ्याचे पोट कोणी भरायचे?

चिरंजीवांचा "टॅक्समध्ये सगळं आलं" हा गैरसमज तर घरोघरी आहे, म्हणून बिल नीट वाचायला हवे. बिलात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. साध्या उपाहारगृहातला ५ टक्के जीएसटी सरकारला जातो. त्यातला छदामही वेटरला मिळत नाही. दुसरा 'सर्व्हिस चार्ज' किंवा सेवाशुल्क. हा कर नव्हे. तो हॉटेल आकारते, त्यांच्याच खात्यात जमा होतो, आणि त्यातले वेटरपर्यंत किती पोचते हे त्या मालकावर अवलंबून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले की, हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानेही उकळता येणार नाही. देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वे योग्य ठरवली. तेव्हा असे शुल्क दिसले तर ते काढायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे; ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तिसरी टिप. २०१६ साली पंचतारांकित हॉटेलांच्या एका प्राप्तिकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गिऱ्हाइकाने कार्डावरून दिलेली आणि हॉटेलने पुढे नोकरांना वाटलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. ते पैसे गिऱ्हाइकाचे. मालकाच्या हाती ते विश्वस्ताच्या नात्याने असतात. आमच्या मामांना हे न्यायालयाने सांगायची गरज नव्हती.

मग किती ठेवायचे? माझे घरगुती नियम सांगतो, पटले तर घ्या. टेबलाशी बसून जेवलो, कुणी वाढले, तर कर वगळून जेवणाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के. बिल फार मोठे असेल तर थोडे कमी चालेल. उडुप्याकडे इडली-चहा घेतला तर टक्केवारी विसरा. साठ रुपयांवर सहा रुपये मोजत बसण्यापेक्षा दहाची नोट ठेवावी. स्वतः ताट उचलून आणायच्या जागी गल्ल्यावर काही द्यायची गरज नाही. पण टेबल पुसणारा पोरगा दिसला तर दहा रुपये त्याच्या हातावर ठेवावेत, त्याला कुणी देत नाही. सेवाशुल्क दिले असेल तर दुहेरी भुर्दंड नको. भाजी खारट झाली तर मालकाला सांगावे. वेटरने ती केलेली नसते, शिक्षा त्याला नको. वेटरच उर्मट वागला तर मात्र खुशाल काही ठेवू नये. तोही एक निरोपच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हातात द्यावे. फोनवरच्या बिलात वाढवून दिलेली टिप कुठे जाते हे आपल्याला दिसत नाही. मी आता पाकिटाच्या एका कप्प्यात दहा, वीस, पन्नासच्या नोटा ठेवतो. काही ठिकाणी टिप एका डब्यात जमा करून सगळ्यांत वाटतात. तसे असेल तर विचारून डब्यात टाकावी, कारण आत भांडी घासणाऱ्याचे तोंड आपण कधी पाहत नाही. मामांच्या हॉटेलात डबा नव्हता. ते रोज रात्री आपल्या नाण्यांतले आठ आणे भांडीवाल्या पोराला देत. हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांच्या तेराव्याला आलेल्या एका पोक्त गृहस्थाने सांगितले. तेच ते पोर.

वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी मी एकटाच बस धरून त्या हॉटेलात गेलो. पोरग्याची सुटी होती. कॅप्टन म्हणाला, "द्या ना माझ्याकडे, मी देतो." मी चहा पिऊन परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी तो होता. दोनशे चाळीस रुपये त्याच्या हातावर ठेवून मी म्हणालो, "रविवारी आम्ही आलो होतो, लहान मुलीने पाणी सांडलं होतं. तेव्हा राहून गेलं." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कुठलं टेबल हो काका?"

त्याला काही आठवत नव्हते. रविवारी संध्याकाळी किती टेबले, किती सांडलेले पेले! त्याने नोटा घडी घालून खिशात ठेवल्या, "बसा, पाणी आणतो" म्हणाला आणि गेला. मी त्याचे नाव विचारायचे ठरवून आलो होतो. तो पाणी घेऊन परत आल्यावर विचारले.