पोरांना झोपवूनच पाहा!

नाताळचा सिनेमा म्हणजे गोडवा, हा समज ‘बॅड सँटा’ने (२००३) धुळीला मिळवला. यातला दारुडा सांता मॉलमध्ये पोरांना मांडीवर घेतो आणि नाताळच्या आदल्या रात्री तिथलीच तिजोरी फोडतो. दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ, सांता बिली बॉब थॉर्नटन. खरी भट्टी मात्र बुटक्या साथीदारामुळे, म्हणजे टोनी कॉक्समुळे जमली. शिव्यांमुळे अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं. तिथे सतरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत जाऊ शकतात, आपलं ‘ए’ त्याहून कडक. २०१६चा दुसरा भाग आपटला. नाताळच्या निमित्ताने आठवलं, आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचं वेड लावलं ते येशूच्या जीवनावरच्या मूकपटाने. हा सांता पाहून ते बहुधा सिनेमाच्या वाटेलाच गेले नसते.