एकच मॉडेल, दोन किमती!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांच्या लेखी आपण लगेच गॅरेजवाले होतो. पिंपळे सौदागरचे माझे मामा मला फर्स्ट इयरपासून "अरे, गाडीचा आवाज ऐक जरा" म्हणून फोन करतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र प्रकरण गंभीर होतं. मामेबहिणीची फी भरायची म्हणून मामांनी गाडी विकायला काढली आणि व्यवहाराला 'इंजिनिअर' म्हणून मला बसवलं!

योगायोग असा, की त्यांच्याच सोसायटीत, त्याच वर्षी घेतलेली, त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच आठवड्यात विकली गेली. ती टेल्कोतून रिटायर झालेल्या काकांची. (कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण आपल्या पट्ट्यातली जुनी माणसं अजून टेल्कोच म्हणतात.) काकांची गाडी मामांच्या गाडीपेक्षा जास्त पळालेली. तरी त्यांना ५५ हजार रुपये जास्त मिळाले! मामा चिडले. मी मात्र वही काढली.

ऑइलची गंमत

मामांचं म्हणणं, "गाडी फिरतेच कुठे? कोकणे चौकातून भाजी आणायची आणि मामीला सोडायचं. मग ऑइल कशाला बदलायचं?" मॅन्युअलमध्ये 'अमुक किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल ते' असं छापलेलं असतं. आपण किलोमीटर तेवढे वाचतो. खरं तर छोट्या फेऱ्याच इंजिनाला जास्त त्रासदायक. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे आत जमलेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच राहतं. हळूहळू त्याचा चिखल होतो. घेणाऱ्याने ऑइलचं झाकण उघडलं, आत मेसच्या डाळीसारखा थर! काकांनी मात्र दर वर्षी ऑइल बदलून बिल फाइलला लावलेलं होतं.

रंगाने केला बेरंग

विकायच्या आधी मामांनी दारावरचा ओरखडा लपवायला पूर्ण दार रंगवून घेतलं. घेणाऱ्याने खिशातून छोटं यंत्र काढून पत्र्याला लावलं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. पुट्टी भरून रंगवलं की आकडा कितीतरी वर जातो. झालं, "अ‍ॅक्सिडेंटची गाडी दिसते" म्हणून त्याने भाव पाडला. काकांच्या गाडीवर दोन ओरखडे तसेच होते, आणि त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. ओरखडा दिसतो तेवढाच असतो, नव्या रंगाखाली काय आहे ते कोणाला माहीत?

टायरचं वय

टायरच्या बाजूवर 'डॉट'च्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मामांच्या टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. त्याचे पैसे कापले गेले.

आणखी एक, पवनेला पूर येतो तेव्हासाठी. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. अशा गाडीला कोण भाव देणार?

कागद आधी, किल्ली नंतर

सौदा ठरला आणि मामा किल्ली देऊन मोकळे होणार, तेवढ्यात काकांनी हात धरला. "फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या का? कर्जाचा बोजा उतरला का?" सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की अपघाताची भरपाई देताना आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. म्हणजे गाडी गेली तरी जबाबदारी आपल्याच गळ्यात! मामांना घाम फुटला. आणि हो, क्लेम न घेतल्याची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीसोबत जात नाही. तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून दाखला घेतला तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो, आणि पाच वर्षे क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. मामांना हे काकांनीच सांगितलं.

फीचे पैसे कसेबसे जमले. उरलेले मामांनी माझ्या आईकडून उसने घेतले. आठ वर्षांत ऑइल आणि सर्व्हिसिंगवर 'वाचवलेले' पैसे एका दुपारी गेले, वर नामुष्की वेगळीच.

हॉस्टेलवाल्यांना सोप्या भाषेत सांगायचं, तर काकांनी दर आठवड्याला जर्नल लिहिलं आणि मामांनी सबमिशनच्या आदल्या रात्री. एक्स्टर्नलला फरक कळतोच! तेव्हा पार्किंगमधल्या आपल्या धूळ खाणाऱ्या बाइकचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवा. नाही आठवत? मग आजच एक फाइल घ्या.